इतर हक्क

लुर्दीनला झोप नाही, पाऊस उलटल्यापासून.
रात्री तीनला उठते, पडवीत जाते,
पाट्यावर वरवंटा फिरवते,
पाट्यावर काहीच नसताना.
"कोणतरी येवन बसता रे छातयेर," म्हणते,
"तेर्स म्हटलंय तरी उठणा नाय."

प्रार्थनेला आलेला ब्रदर मिरजेचा होता,
पांढरे बूट, घोगरा आवाज.
तिच्या डोक्यावर हात ठेवून त्याने विचारलं,
दार कोणी उघडलं?
उभादांड्याच्या अकरा बायका एकदम खाली बघू लागल्या.
सगळ्यांना ठाऊक होतं,
होडी उतरवताना माझा बाप
शिवेवरच्या देवचाराला एक रोट, एक नारळ सोडायचा
आणि त्याच हाताने परतवाटेवर
खुरसाला मेणबत्ती लावायचा.
त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.
समुद्रालाही नाही.

ब्रदर म्हणाला, बाप्तिस्मा झालेल्यात तो राहू शकत नाही.
लगेच म्हणाला, पण छळू शकतो.
पाद्री दुमिंग, ऐंशीचे, कानात यंत्र,
म्हणाले, आतून नव्हे, बाहेरून,
धक्क्यावर लाट आपटते तसा.
लुर्दीन माझ्या कानाशी आली:
"भायर आसा, तर माज्या तोंडातसून कोण रडता?"

मी एकतीस वर्षं तलाठी होतो.
हा प्रश्न मला कळतो.
सातबारा एकाचा असतो, वहिवाट दुसऱ्याची.
कूळ कसत राहतं, गवत कापतं, कलमं लावतं,
आणि मालक मे महिन्यात बोरिवलीहून येऊन
स्वतःच्याच वईबाहेर उभा राहून विचारतो,
आत येऊ का?
बाप्तिस्म्याच्या वहीत लुर्दीनचं नाव आहे,
तारीख, पादरीण, पादरीन्ह्याची सही, वाळवीने खाल्लेला कोपरा.
ती नोंद कोणी रद्द करू शकत नाही,
प्रांतही नाही, नरकही नाही.
पण उताऱ्यावर एका बाजूला
एक रकाना असतो, इतर हक्क.
लोक तो वाचत नाहीत.

सर्वे नंबर त्रेचाळीस, हिस्सा सहा.
त्या रकान्यात इस्पिरांस होती,
माझ्या चुलतभावाची विधवा:
पायवाट, बावीचं पाणी, आठ काजूची झाडं.
एका दुपारी वीज गेली होती,
कपाळाचा घाम कागदावर पडू नये म्हणून
मी मान तिरपी धरून ते कमी केलं.
एक फेरफार. अक्षर माझं.
मंडळ अधिकाऱ्याने चहा पिता पिता सही केली.
ना गंधकाचा वास, ना कुत्रं रडलं.
त्या काजूंची बांगडी लुर्दीनच्या हातात आहे.
रात्री वरवंट्यावर वाजते ती तीच.

ब्रदरने उंबऱ्यावर मीठ टाकलं,
रमच्या बाटलीतलं पवित्र पाणी
चारी कोपऱ्यांत उडवलं,
देवचाराला नाव घेऊन निघ म्हणाला.
मला देवचाराची दया आली.
काठी-घोंगडी घेऊन तो शिवेवरच उभा,
एका रोटाचा धनी,
आमच्या उंबऱ्याच्या आत तो कधी आलाच नव्हता.

इस्टरच्या रात्री देवळातले दिवे मालवतात.
पाद्री विचारतात, सैतानाला सोडता का?
बोटांवर मेण गळत असतं,
आम्ही सगळे एका सुरात म्हणतो, सोडतो.
पन्नास वर्षं मीही म्हणत आलो,
त्या मेणाचा चटका दरवर्षी नवा.
त्याने मला सोडलं का,
हे कुठल्याच पाद्रीने विचारलं नाही.

काल तीनला पुन्हा वरवंटा.
मी उठलो. पाट्यावर मूठभर तिरफळं ठेवली,
काहीतरी वाटलं तरी जावं म्हणून.
तिच्यासमोर उकिडवा बसलो
आणि आकडा सांगितला:
त्रेचाळीस, हिस्सा सहा.
वरवंटा थांबला.
तिने काही विचारलं नाही,
नुसता मनगटाकडे हात नेला.
बांगडी निघेना.
साबण आणायला मी मोरीत गेलो.